दांडा, केबल आणि तेल : जुन्या गाडीच्या ब्रेकची पार्श्वभूमी

जुनी गाडी हातात आली की पहिली तक्रार हमखास ब्रेकची असते. पेडलवर सगळा भार टाकला तरी गाडी सावकाश थांबते आणि थांबता थांबता एका बाजूला ओढते. मग ‘सगळं काढून हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक करून टाकू’ हा विचार येतोच. पण तो निर्णय घेण्याआधी दांड्यांनी किंवा केबलने चालणारे हे ब्रेक असे का घडले ते पाहायला हवं. दोष रचनेचा किती आणि झिजेचा किती, हे त्यातूनच कळतं.

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमवर आतून ‘शू’ नावाच्या कमानी दाबल्या जातात, त्यांच्यावर घर्षणाचं अस्तर म्हणजे लायनर असतं. त्याची आज ओळखीची असलेली मांडणी फ्रेंच मोटारनिर्माता लुई रेनॉच्या १९०२ सालच्या कामापर्यंत मागे जाते. त्यानंतरही बरीच वर्षं ब्रेक मागच्याच चाकांना असत. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर पायाचा ब्रेक चाकावर लागतच नसे, तो गिअरबॉक्समधल्या ड्रमभोवतीचा पट्टा आवळायचा. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होऊन घसरतात. म्हणजे खरी पकड जिथे मिळते तिथेच ब्रेक नव्हता.

पुढच्या चाकांना ब्रेक लावण्यात अडचण होती ती वळणाची. चाक डावी-उजवीकडे फिरतं, मग दांडा तिथवर न्यायचा कसा? फ्रान्सच्या आंरी पेरोने सांधेदार शाफ्टने हे कोडं सोडवलं. मॉडेल एमध्ये (१९२८–३१) फोर्डने किंगपिन (पुढचं चाक ज्याभोवती वळतं तो उभा खिळा) पोकळ ठेवून त्यातून उभी पिन खाली नेली. ती कितीदा पाहिली तरी मला मोह पडतो. चाक कुठेही वळो, पिन त्याच्या वळण्याच्या अक्षावरच राहते, त्यामुळे स्टिअरिंग फिरवल्याने ब्रेक लागत नाही. ऑस्टिन सेव्हन या छोट्या ब्रिटिश गाडीला १९२२ पासूनच चारही चाकांना ब्रेक होते, पण सुरुवातीला मागचे पायाने आणि पुढचे हाताने लावायचे. दोन्ही एकत्र जोडले गेले ते १९३० मध्ये.

खरा पेच होता समतोलाचा. चार चाकांपर्यंत जाणारे चार दांडे किंवा केबल, प्रत्येकाची लांबी वेगळी, प्रत्येकाची झीज वेगळी. दांड्याच्या टोकाची पिन काढून हातात धरा. गोल दिसायला हवी, पण जिथे क्लेव्हिस (दांड्याच्या टोकाचा चिमट्यासारखा जोड) घासला तिथे नखाला लागेल अशी पायरी पडलेली असते आणि क्लेव्हिसचं भोक लांबट झालेलं असतं. प्रत्येक सांध्यात अर्धा मिलिमीटर ढिलाई धरली तरी सहा सांध्यांत तीन मिलिमीटर होते. एवढी ढिलाई भरून निघाल्यावरच शू हलायला लागतो. एका चाकाची ढिलाई दुसऱ्यापेक्षा जास्त असली की गाडी ओढते. माझ्या मते ‘जुने ब्रेक असेच असतात’ म्हणून जे खपवून घेतलं जातं, त्यातलं बरंचसं हेच आहे. नव्या पिना, नवे बुश, लेथवर गोल केलेले ड्रम आणि त्यांना पुरते टेकणारे लायनर एवढ्याने गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलते.

तेलाने हा पेच मुळातच सोडवला. बंद तेलातला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. माल्कम लॉकहीडने १९१७ मध्ये हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं, १९२१ च्या ड्युसेनबर्ग मॉडेल एमध्ये चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने ते त्या मानाने स्वस्त गाडीत आणले. फोर्ड मात्र पेडलपासून चाकापर्यंत पोलादच सुरक्षित, अशी जाहिरात करत राहिला आणि १९३९ च्या मॉडेलपर्यंत थांबला. त्या भूमिकेत निव्वळ हट्ट नव्हता. एक नळी फुटली की सुरुवातीच्या हायड्रॉलिक गाडीचे चारही ब्रेक एकदम जायचे, कारण तेलाचं सर्किट एकच होतं. एका चाकाचा दांडा तुटला तर बाकीचे काही ना काही काम करत.

फोर्ड मॉडेल एवर १९३९ ते ४८ च्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक बसवण्याची पद्धत जुनीच आहे, सुटे भागही त्याच काळाचे. पण त्यांच्याबरोबर ते एकच सर्किटही येतं. म्हणून हे काम करायचंच असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळं सर्किट देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा भाग) घ्या आणि हातब्रेकचे दांडे काढून टाकू नका. मूळ ब्रेक ठेवायचे असतील तर पत्र्याच्या ड्रमऐवजी बिडाचे ड्रम बसवा. पातळ पत्र्याचा ड्रम तापला की फुगून शूपासून दूर जातो, म्हणून घाटात पेडल खाली खाली जातं. जुने लायनर बदलताना ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि तोंडावर योग्य मास्क लावा.