एकाच 'टाइप'ची माणसं सारखी असतात?

"आम्ही दोघं आयएनएफजे, म्हणजे आमचं पटणारच!" नागपुरात फुटाळा तलावावर चहा घेताना एका मैत्रिणीनं होणाऱ्या नवऱ्याबद्दल असं ठामपणे सांगितलं. आयएनएफजे म्हणजे 'मायर्स-ब्रिग्ज' या स्वभावचाचणीतून मिळणारा चार अक्षरांचा एक 'टाइप'. पत्रिकेऐवजी आता हे, एवढाच फरक.

सोळा प्रकारांची ही चाचणी कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या १९२१मधल्या मांडणीवरून तयार केली. दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण नव्हतं. पण खरी गोम गुणांच्या हिशेबात आहे.

असं समजा, की ३० अंशांच्या वर 'उन्हाळा' आणि खाली 'हिवाळा'. मग नागपुरातला ३१ अंशांचा दिवस आणि मेमधला ४५ अंशांचा भाजून काढणारा दिवस एकाच खान्यात जातील, आणि २९चा दिवस मात्र पार दुसरीकडे! अंतर्मुख-बहिर्मुखाचंही तसंच. बहुतेक माणसं मधल्या पट्ट्यात असतात, पण चाचणी मधोमध रेघ मारून एक अक्षर हातात देते. रेघेजवळच्या माणसाचं अक्षर तर काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की सहज बदलतं. अशा चार रेघा आहेत, राजेहो.

शिवाय घर, पैसा, भाषा, वय, राग येतो किती लवकर, यातलं काहीच त्या चार अक्षरांत नाही. चटकन अस्वस्थ होण्याचा स्वभाव संशोधक वेगळा मोजतात. इथे त्याला जागाच नाही.

मैत्रिणीला मी एवढंच विचारलं, "भांडण झाल्यावर तो किती दिवस बोलत नाही?"


तिला माहीत नव्हतं.