पार्श्वभूमी: नाताळानंतर पेनसिल्व्हेनियात ठासणीच्या बंदुका का निघतात?

नाताळ उलटला की साधारण २६ डिसेंबरपासून अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणाच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम सुरू होतो. त्यात काडतुसाची रायफल चालत नाही, बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. बंदूक ठासणीची हवी आणि तीही चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, अठराव्या शतकातल्या यंत्रणेची. तोवर पानं झडलेली असतात, बर्फ पडलेलं असतं आणि रायफलवाल्यांच्या मोठ्या हंगामातून वाचलेली हरणं भलतीच सावध झालेली असतात. तरीही लोक हौसेने जातात.

या बंदुकीचं माहेरच पेनसिल्व्हेनिया. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून आलेले कारागीर लँकेस्टर परिसरात स्थिरावले. त्यांच्याकडची ‘येगर’ रायफल आखूड, जाड आणि मोठ्या तोंडाची होती. नव्या मुलुखात महिनोन्महिने जंगलात फिरणाऱ्याला शिसं आणि दारू जपून वापरावी लागे, म्हणून त्यांनी नळी लांबवली, चार फुटांच्या आसपास नेली, आणि तोंड लहान केलं. एकाच वजनाच्या शिशात गोळ्या जास्त निघू लागल्या. पुढे ही बंदूक ‘केंटकी रायफल’ म्हणून गाजली. घडवली पेनसिल्व्हेनियाने, नाव झालं केंटकीचं.

ती चालवायची कशी, ते पाहिल्याशिवाय थंडीतली गंमत कळणार नाही. आधी मोजून दारू नळीत ओतायची. चरबी माखलेल्या चिंधीत शिशाची गोळी बसवून गजाने तळापर्यंत ठासायची. मग बाजूच्या लहानशा वाटीत रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, टाकून वर पोलादी झाकण लावायचं. चाप ओढला की घोड्याच्या चिमट्यात धरलेली गारगोटी त्या झाकणावर घासते, झाकण उघडतं, ठिणग्या वाटीत पडतात आणि बारीक छिद्रातून जाळ आत जाऊन मुख्य दारू पेटते. या सगळ्याला क्षणभर लागतोच, आणि तेवढा वेळ डोळ्यासमोर भडकलेल्या जाळाला न दचकता नेम धरून ठेवावा लागतो. बर्फाचे चार कण वाटीत गेले की रंजक भिजते आणि नुसती खट्ट आवाज करून बंदूक गप्प बसते. म्हणून चापाच्या वरच्या भागावर चामड्याचं आवरण बांधायची जुनी रीत आजही चालू आहे. गार पडलेली बंदूक उबदार घरात आणली की लोखंडावर पाणी धरतं, त्यामुळे जाणते लोक रंजक काढून ती रात्रभर बाहेर शेडमध्येच ठेवतात.

या कटकटीवर उतारा शोधला स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या पाद्र्याने. आपटल्यावर पेटणाऱ्या रसायनाने दारू पेटवण्याचं पेटंट त्याने १८०७ साली घेतलं. त्यातून अशा रसायनाची तांब्याची टोपी आली आणि गारगोटी मागे पडली. १८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर काडतुसांची बंदूक सर्रास झाली, ठासणीची बंदूक माळ्यावर गेली. त्याच काळात हरणांचाही फडशा पडत होता: बाजारासाठी बेसुमार शिकार आणि जंगलतोड, दोन्ही एकदम. १८९५ साली पेनसिल्व्हेनियाने शिकार आयोग नेमला, १९०७ साली माद्यांना संरक्षण दिलं. ते इतकं लागू पडलं, की १९२०च्या दशकात हरणं जंगलाला झेपेनाशी झाली.

जुन्या बंदुकीची हौस परतली ती आधी नेमबाजीच्या रूपाने. १९३३ साली ठासणीच्या रायफलवाल्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इंडियानातलं फ्रेंडशिप गाव तिचं ठाणं. १९७० साली थॉम्पसन/सेंटर कंपनीने जुन्या धाटणीची ‘हॉकन’ बाजारात आणली आणि नवी कोरी ठासणीची बंदूक दुकानात मिळू लागली. १९७४ साली पेनसिल्व्हेनियाने राज्याच्या ठरावीक शिकार-जमिनींवर चकमकीच्या बंदुकीचा छोटा हंगाम ठेवून पाहिला. हिशेब सरळ होता. शिकाऱ्यांना जास्त दिवस मिळतात, पण अशा बंदुकीने फार हरणं पडत नाहीत. थंडीतला रिकामा काळ भरून निघतो.

खरा वाद १९८५ नंतर पेटला. मिसूरीच्या टोनी नाइट यांनी ‘एमके-८५’ काढली. पेटवणारी टोपी नळीच्या थेट मागे, दिसायला आधुनिक रायफल, वर दुर्बीण बसवायची सोय. भरायची तोंडातूनच, म्हणून नियमात बसली. बऱ्याच राज्यांनी ती स्वीकारली. आयोवात डिसेंबरच्या उत्तरार्धापासून १० जानेवारीपर्यंत चालणाऱ्या हंगामात मक्या-सोयाबीनच्या शेतांकडे येणाऱ्या हरणांची वाट बघत लोक अशाच बंदुका घेऊन बसतात. पेनसिल्व्हेनियाने नाताळानंतरच्या हंगामात मात्र गारगोटी सोडली नाही. मला ते पटतं. अडचण हाच ज्या हंगामाचा पाया, तिथे अडचण काढून टाकली तर वेगळा हंगाम ठेवायचाच कशाला?

आता थंडी. नोव्हेंबरातल्या माजाच्या काळात नर खाणंपिणं विसरतात आणि अंगाने उतरतात. हिवाळ्यात त्यांना पोट भरायला बाहेर पडावंच लागतं, बर्फावर माग स्पष्ट उमटतो, आणि पानं नसल्याने रान उघडं पडतं. पाच-सहा जण मिळून हाका घालतात: काही जण रानातून चालत येतात, बाकीचे पुढे वाटा धरून उभे राहतात. जानेवारीत काही नरांची शिंगं गळू लागतात, तेव्हा समोरचा नर की मादी हे लांबून सांगता येत नाही.

कोकणातल्या वाचकाला ठासणीची बंदूक नवी नाही. शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेल्या बंदुका तिथे आजही आहेत. पण १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनंतर आपल्याकडे शिकारीचे हंगाम उरले नाहीत. तिकडे गणित उलटं आहे: परवान्यांच्या विक्रीवर वन्यजीव खातं चालतं आणि बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसाही १९३७च्या कायद्यामुळे त्यात येतो. त्यामुळे हंगाम वाढवण्यात आयोगालाही रस असतो. शिकाऱ्याचा स्वार्थ त्याहून साधा आहे. शिंगवाल्या नरासाठी घेतलेला परवाना मुख्य हंगामात वाया गेला, तर चकमकीच्या हंगामात त्याच परवान्यावर मादीही घेता येते.