काथ्या आणि तुसाची राख: हलक्या काँक्रीटमध्ये कोण काय करतं?

कोकणात भातगिरणीच्या मागे तुसाचे ढीग लागतात आणि नारळ सोलले की सोडणं उरतात. या दोन्हींपासून हलकं काँक्रीट मजबूत करता येतं असं आता बरंच लिहिलं जातं, आणि लिहिताना काथ्या नि तुसाची राख एकाच यादीत शेजारी शेजारी बसवतात. वाचणाऱ्याला वाटतं, एक नसेल तर दुसरं घालू, काम तेच. पण राख सिमेंटच्या रसायनात भाग घेते आणि काथ्याला त्याच रसायनापासून जपावं लागतं. इतका हा फरक मोठा आहे.

आधी राख. सिमेंटमध्ये पाणी पडलं की चिकट, घट्ट होणाऱ्या द्रव्याबरोबर चुनाही सुटतो. ताकदीच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपयोगी. तूस नीट जाळलं तर त्याच्या राखेत साधारण 85 ते 90 टक्के सिलिका असते. ती या चुन्याशी संयोग पावते, त्यातून सिमेंटचंच चिकट द्रव्य आणखी तयार होतं आणि बारीक छिद्रं बुजतात. म्हणून सिमेंटचा दहा-पंधरा टक्के हिस्सा काढून तिथे चांगली राख घातली, तरी दाब सोसण्याची ताकद टिकते, पुष्कळदा वाढतेही.

सगळी मेख ‘चांगली’ राख मिळण्यात आहे. तूस साधारण 700 अंश सेल्सिअसच्या आत जाळलं तर सिलिका क्रियाशील राहते. त्याहून जास्त आणि बराच वेळ तापलं की तिचे स्फटिक होतात, मग ती चुन्याकडे ढुंकूनही पाहत नाही. उलट उघड्यावर धुमसलेल्या ढिगाची राख काळी निघते. तो काळेपणा अर्धवट जळालेल्या कार्बनचा, आणि कार्बन पाणी पितो. शिवाय राख दळावी लागते. चिमटीत खरखरीत लागत असेल तर दळण अपुरं आहे. आयएस 456:2000 या भारतीय मानकात तुसाच्या राखेला जागा आहे, पण तिचे गुणधर्म एकसारखे असावेत आणि कामावरच्या जबाबदार अधिकाऱ्याची मान्यता असावी, या अटीवर.

न जाळलेलं तूस हा आणखी तिसराच प्रकार. ते काँक्रीट हलकं करतं, मजबूत नाही.

आता काथ्या. दाबाची ताकद तो वाढवत नाही, थोडी कमीच करतो, कारण धाग्यांभोवती पोकळ्या राहतात. त्याचं काम भेग पडल्यावर सुरू होतं. साधं काँक्रीट घनमीटरला सुमारे 2400 किलो भरतं, तर फोम काँक्रीट, म्हणजे फेसाचे बुडबुडे मिसळून हलकं केलेलं काँक्रीट, साधारण 400 ते 1600. फोम काँक्रीटमध्ये खडी नसते, म्हणून सुकताना ते जास्त आकसतं आणि तडकतं. त्याची साधी पट्टी दोन टेकूंवर ठेवून मध्ये भार दिला तर काडकन दोन तुकडे होतात. काथ्या घातलेली पट्टीही तडकते, पण तुकडे सुटत नाहीत. भेगेत डोकावलं तर तपकिरी धागे या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेले दिसतात आणि भार वाढेल तसा एकेक धागा घसटत बाहेर येतो. तागाचा धागा ओढ सोसण्यात काथ्याहून बराच सरस, पण एक-दोन टक्के ताणला की तुटतो. काथ्या पंधरा टक्के आणि त्याहूनही जास्त ताणला जातो. भेग धरून ठेवायला हा ताणच कामी येतो.

कालवताना मात्र तो त्रास देतो. सुका काथ्या स्वतःच्या वजनाएवढं पाणी सहज ओढतो. फोमच्या मिश्रणात तो तसाच टाकला तर मिश्रण आटतं, बुडबुडे फुटतात, ब्लॉक बसतो आणि जड होतो, म्हणजे हलकेपणाच गेला. म्हणून धागे तुकडे करून आधी भिजवायचे, निथळायचे आणि थोडे थोडे सोडायचे. एकदम टाकले की गोळे होतात.

खरा धोका पुढच्या काही वर्षांत असतो. अॅस्बेस्टॉसला पर्याय म्हणून 1970-80च्या दशकांत अनेक उष्ण देशांत वनस्पतीच्या धाग्यांचे सिमेंट पत्रे केले गेले. त्यातले पुष्कळ काही वर्षांतच ठिसूळ झाले. स्वीडनच्या हान्स-एरिक ग्राम यांनी 1983 मध्ये सिसालच्या (घायपाताच्या जातीच्या धाग्याच्या) अभ्यासातून कारण दाखवलं: काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याची अल्कता (चुन्यासारखा दाहक गुण) धाग्यातलं लिग्निन आणि हेमिसेल्युलोज, म्हणजे पेशी जोडून ठेवणारी द्रव्यं, विरघळवते, पेशी सुट्या होतात, धागा नुसता नावाला उरतो. भिजणं-सुकणं चालू राहिलं की हे झपाट्याने होतं. सिमेंटचा मोठा हिस्सा क्रियाशील सिलिकाने बदलला तर धागा वाचतो, असंही त्यांना दिसलं. तुसाची राख इथे काथ्याच्या मदतीला येते: चुना खाऊन ती अल्कता उतरवते. दोन्ही एकत्र घालण्यामागचं मला पटलेलं कारण हेच. मात्र चिमूटभर राखेने ते साधत नाही.

उसाच्या बाबतीतही हीच गल्लत होते. कारखान्याच्या बॉयलरमधली चिपाडाची राख वेगळी, चिपाडाचे धागे वेगळे. धाग्यांना चिकटलेली साखर सिमेंट घट्ट व्हायला उशीर लावते, म्हणून ते स्वच्छ धुवावे लागतात.

ब्लॉक विकणारा 28 दिवसांच्या क्यूबचा, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा दाबून मोजलेल्या ताकदीचा, आकडा दाखवेल. राखेसाठी तो आकडा उपयोगाचा आहे, काथ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. काथ्यासाठी वाकवण्याची चाचणी मागा, आणि तीही नमुना अनेकदा भिजवून-सुकवून झाल्यावरची. आडभिंतीचे ब्लॉक आणि पातळ फरशा यांसाठी हे मिश्रण जरूर वापरावं. स्लॅब-बीममधली सळई मात्र त्याच्या भरवशावर कमी करू नये.