अभिभाषणाविना उजाडलेलं वर्ष

अधिवेशनाच्या सुरुवातीला संसदेपुढे होणाऱ्या राष्ट्रपतींच्या अभिभाषणावर खासदाराला बोलता येतं ते आभारदर्शक ठरावाच्या निमित्ताने. सत्ताधारी बाकांवरचा एक सदस्य ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो. भाषणाचा मजकूर मंत्रिमंडळाने मंजूर केलेला असतो, त्यामुळे टीकेचा रोख राष्ट्रपतींवर नव्हे, सरकारवर ठेवायचा. विरोधकांचं खरं हत्यार म्हणजे उपसूचना, म्हणजे ठरावात सुचवलेली दुरुस्ती. प्रघात असा की मूळ ठरावातला शब्द खोडायचा नाही, शेवटी वाक्य जोडायचं : मात्र अभिभाषणात अमुक गोष्टीचा उल्लेख नाही याबद्दल सभागृहाला खेद वाटतो. अशा उपसूचना ढिगाने येतात. बहुतेक मागे घेतल्या जातात, उरलेल्या आवाजी मतदानाने फेटाळल्या जातात.

पद्धत ब्रिटिश वळणाची आहे. घटना लागू झाली तेव्हा अनुच्छेद ८७ नुसार प्रत्येक अधिवेशनाच्या सुरुवातीला अभिभाषण आवश्यक होतं. १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते लोकसभा निवडणुकीनंतरचं पहिलं अधिवेशन आणि दर वर्षाचं पहिलं अधिवेशन एवढ्यापुरतं राहिलं. अभिभाषणावरच्या चर्चेला इतर कामकाजाच्या आधी जागा देण्याची तरतूदही त्याच वेळी गळाली. ही दुरुस्ती जमीन सुधारणा आणि भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांसाठी ओळखली जाते. हा बदल सहसा कुणाला आठवत नाही.

मग वर्षाचं पहिलं अधिवेशन कोणतं? २००४ मध्ये नेमकं इथेच घोडं अडलं. हिवाळी अधिवेशन २ डिसेंबर २००३ रोजी सुरू झालं आणि २३ डिसेंबरला बेमुदत तहकूब झालं. तहकुबी लोकसभा अध्यक्ष करतात. अधिवेशन संस्थगित करतात, म्हणजे ते औपचारिकपणे संपवतात, ते राष्ट्रपती, तेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. एरवी दोन्हींत काही दिवसांचंच अंतर असतं. त्या वेळी संस्थगितीचा आदेश निघालाच नाही. तो निघाला नसला की राष्ट्रपतींनी नव्याने निमंत्रण काढावं लागत नाही, लोकसभेच्या कामकाज नियमांतल्या नियम १५ खाली अध्यक्षच सभागृह पुन्हा बोलावू शकतात. २९ जानेवारीला लोकसभा बसली ती अशी. अभिभाषण झालं नाही, म्हणून आभारदर्शक ठराव नाही आणि उपसूचनाही नाहीत. अंतरिम अर्थसंकल्प मांडून झाला आणि ६ फेब्रुवारीला लोकसभा विसर्जित झाली.

पंढरपूरच्या तत्कालीन खासदारांनी हरकत घेतली : नवं वर्ष, पहिली बैठक, मग अभिभाषण कुठे आहे? अध्यक्षांनी (तेही महाराष्ट्राचेच) ती फेटाळली. बैठक चौदाव्या अधिवेशनाचा दुसरा भाग आहे, असा त्यांचा निर्णय होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१० मध्ये घटनापीठाने अध्यक्षांची बाजू उचलून धरली : डिसेंबरमध्ये सुरू झालेलं अधिवेशन जानेवारीत नवं होत नाही, आणि सभागृह कधी बसवायचं हा कामकाजाचा भाग असल्याने अनुच्छेद १२२ नुसार न्यायालय त्यात शिरणार नाही. अक्षरार्थाने निकाल बिनचूक आहे. पण त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर वर्षभराच्या कारभाराचा जाब टाळण्याची किल्ली सरकारकडेच राहिली. फेब्रुवारी २०१४ मध्ये वेगळ्या, काँग्रेसप्रणीत आघाडीच्या सरकारनेही हिवाळी अधिवेशनच पुढे चालवलं, त्याही वेळी अभिभाषण झालं नाही. या युक्तीची किंमत एवढीच की अधिवेशन चालू धरलं गेल्यावर सहसा अध्यादेश काढता येत नाही.

सरकारला हा ठराव जड का वाटतो, हे राज्यसभेत दिसतं. तिथे १९८०, १९८९, २००१, २०१५ आणि २०१६ अशा पाच वेळा उपसूचना मंजूर झाली. २०१५ मध्ये काळ्या पैशावरची उपसूचना ११८ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर झाली; पंतप्रधानांचं उत्तर झाल्यावर ती मागे घ्यावी, ही सरकारची विनंती ती मांडणाऱ्या सदस्याने मानली नाही. पुढच्या वर्षी पंचायत उमेदवारांच्या शिक्षणाच्या अटीवरची उपसूचना ९४ विरुद्ध ६१ अशी मंजूर झाली. राज्यसभेतल्या पराभवाने सरकार पडत नाही. लोकसभेत तसं घडलं तर तो अविश्वासच मानला जाईल.

राज्यपालांच्या अभिभाषणाची तरतूद अनुच्छेद १७६ मध्ये जवळपास त्याच शब्दांत आहे, त्यामुळे पळवाटही तीच. २०२२ मध्ये तेलंगणाने आधीचं अधिवेशन संस्थगित न करता अर्थसंकल्पी बैठक घेतली आणि राज्यपालांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढच्या वर्षी अर्थसंकल्पाला राज्यपालांची संमती मिळेना, तेव्हा सरकार उच्च न्यायालयात गेलं. तिथे दोन्ही बाजूंत तडजोड झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अभिभाषण झालं.