पार्श्वभूमी : पुणे स्टेशनची इमारत आणि लाहोरचा नकाशा

पुणे स्टेशनच्या दर्शनी इमारतीने २७ जुलै २०२५ रोजी शंभरी गाठली. स्टेशन तिच्याहून ६७ वर्षांनी थोरलं. खंडाळा-पुणे मार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला, तेव्हा बोरघाट फोडून व्हायचा होता. मुंबईहून येणारा खोपोलीला गाडी सोडायचा आणि पालखी, तट्टू, बैलगाडी, मिळेल त्याने खंडाळा गाठायचा. घाटातून थेट गाडी आली ती १८६३ मध्ये.

या दोन वयांची गल्लत झाली की लाहोरची दंतकथा पटायला लागते. नकाशांची अदलाबदल झाली, लाहोरचं स्टेशन पुण्यात उभं राहिलं आणि पुण्याचं लाहोरात, असं आजही छातीठोकपणे सांगतात. गोष्ट झकास आहे, पण सालं आड येतात. लाहोरच्या स्टेशनची पायाभरणी १८५९ ची. सत्तावनच्या उठावाची धास्ती ताजी होती, म्हणून ते गढीसारखं बांधलं : बुरूज, जाड भिंती, बंदुकांसाठी जंग्या. पुण्याची इमारत खुली झाली १९२५ मध्ये. तिथे कमानींचा पोर्च आहे, तटबंदी नाही. अदलाबदल व्हायला दोन्ही नकाशे एका वेळी टेबलावर हवेत. इथे मध्ये साठाहून अधिक वर्षं गेलेली. तरी ‘लाहोरचा नकाशा’ हे बिरुद काही सुटत नाही.

इमारतीपाठोपाठ १९२९ मध्ये रेल्वेमार्गावर पुण्यापर्यंत वीज आली आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन, सात डब्यांची. आता गाड्या चोवीस डब्यांपर्यंतच्या. सगळे फलाट तेवढे लांब नाहीत, म्हणून फलाट वाढवायचे तर यार्डातले रूळ आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे जोड) हलवावे लागतात, आणि तेवढे दिवस गाड्या अडतात. काही गाड्या पुणे स्टेशनऐवजी जवळच्या हडपसरला वळवण्यामागे हीच कोंडी आहे.

इमारत बघायला मेट्रोने आलात तर राजाबहादूर मिलच्या बाजूला, म्हणजे स्टेशनच्या पाठीमागे उतराल. दर्शनी बाजू दक्षिणेला, एक नंबर फलाटाकडे. पुलावरून रूळ ओलांडून या. दर्शनी भाग आख्खा दिसायला रिक्षांची रांग मागे टाकून रस्त्यापलीकडे जावं लागतं. आत जायला दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट, दोन तास चालतं. दिवाळीच्या गर्दीत ते बरेचदा बंद असतं, तेव्हा बाहेरूनच बघायचं.