उंच रोप म्हणजे जोमदार रोप नव्हे

साताऱ्यात जानेवारीच्या थंडीत उन्हाळी टोमॅटो-मिरचीचं बी अनेक जण घरातच ट्रेमध्ये टाकतात. ते बरोबरच आहे. उगवायला २५ ते ३० अंशांची ऊब लागते, उन्हाची गरज नसते. पण 'रोप भराभर उंच झालं म्हणजे जोमदार' हा समज साफ चुकीचा. ते उजेडासाठी ताणलेलं असतं. जवळून बघा: दांडा पांढुरका, दोऱ्यासारखा बारीक, खिडकीकडे कललेला. असं रोप रानात लावलं की पहिल्याच वाऱ्याला मान टाकतं. म्हणून कोंब दिसताच ट्रे अंगणात काढा, कडक थंडी असेल तर रात्री आत घ्या. पाणी बेतानंच, नाहीतर बुडाशी कुजून रोप कोलमडतं. मी तरी बुटकं, जाड दांड्याचं रोपच निवडते.