आम्लधर्मी खाणजल आणि अतिवृष्टी

आम्लधर्मी खाणजल : गंधकयुक्त खनिजे उघडी पडलेल्या खाणींतून, तसेच तेथील टाकाऊ खडकांच्या ढिगांतून झिरपणाऱ्या, आम्ल व विरघळलेले धातू असलेल्या पाण्यास आम्लधर्मी खाणजल म्हणतात. खाण बंद पडली तरी ते तयार होणे थांबत नाही. मुसळधार पावसाने आम्ल पातळ होऊन निरुपद्रवी होते, हा समज अर्धाच खरा आहे : पाण्याची तीव्रता कदाचित कमी होते, परंतु नदीत उतरणाऱ्या आम्लाचा व धातूंचा एकूण भार वाढतो.

पायराइट हे लोह व गंधक यांचे खनिज हवा आणि पाणी यांच्या संपर्कात आले की सल्फ्यूरिक आम्ल व विद्राव्य लोह तयार होते, आणि काही जीवाणू ही क्रिया कित्येक पटींनी वेगवान करतात. कोरड्या महिन्यांत खाणीच्या भिंतींवर व ढिगांवर पांढरे, पिवळे, हिरवट क्षार फुलतात. हे क्षार म्हणजे साठवून ठेवलेले आम्लच होय. पहिल्या जोरदार सरींत ते विरघळतात व थोड्या तासांत ओढ्यात उतरतात. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाचे पाणी बहुधा सर्वांत घातक असते. पुढे भूजल चढते, जुने बोगदे भरतात आणि आजवर कोरड्या राहिलेल्या तोंडांतूनही पाणी बाहेर पडते. खडक कायमचा बुडालेला राहिला तर प्राणवायूअभावी आम्लनिर्मिती मंदावते. खरे नुकसान होते ते आळीपाळीने भिजण्या-सुकण्याने.

कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन ही या प्रकाराच्या सर्वांत अभ्यासलेल्या खाणींपैकी एक आहे. तिच्या रिचमंड भागातील पाण्याचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितके पाणी अधिक आम्ल) उणे ३.६ इतका खाली मोजला गेला. १९६३ मध्ये स्प्रिंग क्रीकवर बांधलेल्या धरणात हे पाणी अडवून शास्ता धरणाच्या स्वच्छ पाण्याबरोबर थोडे थोडे सोडले जाई; पण हिवाळी वादळांत धरण भरून वाहिले की सॅक्रामेंटो नदीतील मासे मरत. १९९४ पासून तेथे चुन्याने उदासिनीकरण होते, आणि वादळी पाणी धरून ठेवण्यासाठी २००४ मध्ये स्लिकरॉक ओढ्यावर आणखी एक जलाशय उभारण्यात आला.

पावसाखेरीज नुसते पाणी चढण्यानेही काय होते, ते इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या व्हील जेन या कथील-खाणीत दिसले. १९९१ मध्ये खाण बंद होऊन उपसा थांबला. जानेवारी १९९२ मध्ये जुन्या बोगद्याचे बूच फुटून सुमारे ५ कोटी लिटर पाणी कार्नन नदीत गेले व फाल खाडी नारिंगी झाली.

भारतात मेघालयाच्या जैंतिया टेकड्यांतील कोळशात गंधक जास्त आहे. उंदीरबिळांसारख्या अरुंद खाणी आणि रस्त्याकडेला उघड्यावर रचलेले कोळशाचे ढीग यांवर तेथील प्रचंड पाऊस पडतो, व आम्लयुक्त पाणी नद्यांत जाते. अशाच आम्लयुक्त पाण्यामुळे आसामातील कोपिली जलविद्युत प्रकल्पाची यंत्रे गंजली. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये अशा खाणकामावर बंदी घातली; तथापि जुनी बिळे व ढीग जागच्या जागी आहेत. गोव्यात पावसाळ्यात वाहणारे तांबडे खाणपाणी याहून वेगळे : तेथील लोहखनिज प्रामुख्याने ऑक्साइड स्वरूपाचे असल्याने मुख्य प्रश्न आम्लाचा नसून गाळाचा आहे.

उपायांत ढीग मातीने झाकणे, वरच्या उतारावरचे स्वच्छ पाणी चर खणून वळवणे आणि चुनखडीची प्रक्रिया यांचा समावेश होतो. प्रक्रियाकेंद्राची क्षमता सरासरी प्रवाहावर ठरवली तर ऐन वादळात ते अपुरे पडते.